गोड खाऊ आणि वाचणाऱ्यांची जबाबदारी

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वाशिंद येथील वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने आमच्यावरच सोपविली होती. आम्ही मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवर बोलणार, असे कळविताच एकदोघा सभासदांनी स्मित केल्याचे आमच्या कानी आले. त्यांचा दोष नाही. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, विवाहखर्च असे थोर विषय समोर असता रुपया-दोन रुपयांच्या गोळीवर अर्धा तास खर्च करणे, हे वरवर पाहता पोरकटपणाचेच वाटावे. तथापि या लहानशा वस्तूने आमच्या घरात असा प्रश्न उभा केला की त्याचे उत्तर देताना आमची मान खाली गेली. तो प्रसंग सांगितल्याशिवाय विषयाचे महत्त्व आपणांस पटणार नाही, म्हणून तोच प्रथम निवेदन करतो.

आमची कन्या काही वर्षांपासून इंग्लंडात असते. गेल्या दिवाळीस ती मुलाबाळांसह वाशिंदला आली. तिच्या सहा वर्षांच्या चिरंजीवाने येताना आपल्या पणजीसाठी, म्हणजे आमच्या मातोश्रींसाठी, स्वतः निवडून खाऊचे एक पाकीट आणले होते. अस्वलाच्या आकाराच्या, रंगीत, मऊ, दाताखाली रबराप्रमाणे ताणल्या जाणाऱ्या त्या गोळ्या. मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी. दातांनी केव्हाच निरोप घेतलेला. चावावी न लागणारी गोळी मिळाली, याचेच त्यांना अप्रूप वाटले. पणतू एकेक गोळी त्यांच्या हातावर ठेवीत होता, त्या खात होत्या, आणि आम्ही सर्वजण तो सोहळा कौतुकाने पाहत होतो. रात्री सहज ते पाकीट आमच्या हाती आले. मागील बाजूस मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटकांची यादी होती. त्यांत साखर व ग्लुकोजच्या पाकाखालोखाल ‘जिलेटिन’ हा शब्द होता, आणि कंसात ते कोणत्या जनावराचे, हेही प्रामाणिकपणे छापलेले होते.

ज्या माउलीने जन्मात अंड्यास हात लावला नाही, तिच्या मुखी आमच्याच घरात, आमच्याच देखत हा पदार्थ गेला होता. त्या रात्री घरात बराच खल झाला. “झाकली मूठ सव्वा लाखाची; त्यांना काही कळू देऊ नये,” असे एका पक्षाचे म्हणणे पडले. आम्हीही त्या मतास अनुकूल झालो होतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु सकाळी असे दिसून आले की मातोश्रींनी उरलेल्या गोळ्या देवघरातील खडीसाखरेच्या डबीत नेऊन ठेवल्या आहेत. आता मौन पाळणे अशक्य होते. आम्ही त्यांच्याजवळ बसून सर्व सांगितले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोराने मायेने दिलं, मी मायेने खाल्लं. त्यात ना त्याचा दोष, ना माझा. मला इंग्रजी वाचता येत नाही. तुम्हांला येतं ना?”

एवढे बोलून त्यांनी डबी घासावयास दिली. नंतर त्या विषयाचा उच्चारही केला नाही. परंतु त्यांचा तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

मातोश्रींच्या तरुणपणी हा प्रश्न का उद्भवत नव्हता, याचा प्रथम विचार करू. त्या काळी घरात जे गोड होई ते डोळ्यांदेखत होई. संक्रांतीचा तिळगूळ आणि काटेरी हलवा, पाडव्याच्या साखरेच्या गाठी, चिक्की, रेवडी, बत्तासे, खोबऱ्याच्या वड्या, दिवाळीतील लाडू, यांत काय पडते हे घरातील पोरीसोरींनाही ठाऊक असे. पाक करताना साखरेची मळी वर यावी म्हणून त्यात चमचाभर दूध घालतात, हे आपल्या भगिनींस सांगावयास नको. शाकाहाराचे रक्षण व्हावयाचे ते असे स्वयंपाकघरात, आणि रक्षण करणारीचे हात ओळखीचे असत.

तरीही आपल्या पूर्वजांपुढे हा प्रश्न अगदीच आला नव्हता, असे नाही. १९०५ सालच्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पुकारला गेला. त्याची कारणे मुख्यतः राजकीय व आर्थिक होती. परंतु ती साखर जनावरांच्या हाडांनी शुद्ध केलेली असते, हा आक्षेपही त्या वेळी जाहीरपणे घेतला जात असे, आणि तो निराधार नव्हता. हाडे जाळून केलेल्या कोळशातून साखरेचा रस गाळला की त्याचा पिंगट रंग जाऊन तो स्वच्छ होतो. ही रीत एकोणिसाव्या शतकापासून पाश्चात्त्य देशांत चालू आहे, आणि काही परदेशी कारखान्यांत ती अद्यापही वापरली जाते. आपल्याकडील साखर कारखान्यांत रस निवळण्यासाठी सामान्यतः चुना व गंधकाचा वायू वापरतात. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगर येथे १९५० साली उभा राहिलेला सहकारी कारखाना आणि त्यामागून महाराष्ट्रात निघालेले इतर कारखाने यांच्यामुळे आपल्या घरात येणाऱ्या साखरेविषयी ती जुनी शंका बाळगण्याचे कारण सहसा उरले नाही. परदेशी मिठाईतील साखरेविषयी मात्र वेष्टनावरून काहीच कळत नाही. कोळसा गाळणीपुरताच असतो, तो साखरेत उतरत नाही, म्हणून घटकांच्या यादीत त्याचा उल्लेख येत नाही.

साखरेनंतर कारखान्यातील गोळीकडे वळू. १८५५ साली लोहमार्ग कल्याणहून आपल्या वाशिंदपर्यंत आला, तेव्हापासून बाहेरचा माल या भागात उतरू लागला. त्या मालाची दुकाने थाटूनच आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांनी शहापूर-मुरबाडच्या खेड्यापाड्यांत बस्तान बसविले. दुकानाच्या फळीवर काचेच्या बरण्यांतून मांडलेल्या रंगीत गोळ्या हे आपणां सर्वांच्या बालपणीचे चित्र आहे. विलेपार्ले येथे १९२९ साली निघालेल्या कारखान्यात प्रथम गोळ्याच तयार होत, बिस्किटे मागाहून आली. मालेगावजवळ रावळगाव येथे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला, आणि १९४२ पासून तेथेही गोळ्या होऊ लागल्या. रावळगावची ती गोळ्यांची नाममुद्रा २०२४ साली दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली, परंतु तिची चव आपल्या पिढीच्या जिभेवर अजून आहे.

या जुन्या कडक गोळीची कृती साधी असते. साखर व ग्लुकोजचा पाक सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत आटवावयाचा, त्यात रंग, वास आणि किंचित आंबटपणा घालावयाचा, आणि साच्यात पाडावयाचा. गोळी कडक होण्यास पाकाखेरीज दुसरे काही लागत नाही. गोळी मऊ करावयाची, ताणावयाची वा फुगवावयाची म्हटली की मात्र तिला आधार देणारे काहीतरी घालावे लागते, आणि येथेच जिलेटिनचा प्रवेश होतो. जनावरांचे कातडे व हाडे यांवर प्रक्रिया करून, ती पाण्यात शिजवून जे सत्त्व निघते ते जिलेटिन होय. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. सुमारे ३५ अंशांस ते वितळते, म्हणजे तोंडाच्या उबेनेच विरघळते. या गुणामुळे कारखानदारास ते फार सोयीचे जाते. रबरासारख्या मऊ गोळ्या, मार्शमॅलो नावाची कापसासारखी मिठाई, तयार जेलीची भुकटी, काही केकांवरील थर, यांत ते आढळते.

जिलेटिनखेरीज आणखी चार गोष्टी ओळखून ठेवाव्यात. पहिली लाल रंगाची. कोचिनील नावाचा किडा निवडुंगावर पोसतात आणि तो वाळवून त्यापासून कार्माइन हा तांबडा रंग काढतात. एक पौंड रंगासाठी साधारणतः ७० हजार किडे लागतात. वेष्टनावर तो ‘१२०’ या क्रमांकानेही दर्शविला जातो. दुसरी गोष्ट चकाकीची. चॉकलेटच्या बारीक गोळ्यांवरील झिलई पुष्कळदा लाखेची असते, तिचा क्रमांक ९०४. आपल्या रानांतील पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर जो लाखेचा किडा वाढतो त्याच्याच स्रावाची ही लाख. तिसरी गोष्ट क्रमांक ४७१ ची. हा स्निग्ध पदार्थ वनस्पतिज तेलापासूनही होतो आणि प्राणिज चरबीपासूनही होतो. नुसत्या क्रमांकावरून त्याचे मूळ कळत नाही. चौथी गोष्ट अंड्याची. केकात ते असते हे आपण जाणतो, परंतु नुगा व मार्शमॅलो यांतही अंड्याचा पांढरा बलक घालण्याची रीत आहे.

ही यादी ऐकून आपण घाबरून जाऊ नये. आपल्या देशात पाकीटबंद खाद्यपदार्थांवर शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मांसाहारी पदार्थांसाठी २००० साली आणि शाकाहारी पदार्थांसाठी २००१ साली तशा अधिसूचना निघाल्या. चौकोनात हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थांवर पूर्वी तपकिरी वर्तुळ असे. ज्यांना हिरवा व तपकिरी हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांच्या सोयीसाठी २०२० च्या नियमांनी वर्तुळाऐवजी तपकिरी त्रिकोण आणला. आपल्या कायद्याने अंडे व कीटकजन्य पदार्थ मांसाहारात धरले आहेत, ही आपणांस विशेष समाधानाची गोष्ट होय. जिलेटिन वा कार्माइन घातलेल्या गोळीवर हिरवे वर्तुळ छापता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तर डिसेंबर २०२१ मध्ये असा आदेश दिला की घटकांचे केवळ क्रमांक न देता त्यांचे मूळ वनस्पतिज, प्राणिज की प्रयोगशाळेतील, हेही उत्पादकांनी उघड करावे. मिठाईवरील चांदीच्या वर्खाविषयीही आपल्यापैकी अनेकांच्या मनात जुनी शंका आहे. जनावराच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत ठेवून तो कुटीत असत, म्हणून ती शंका रास्तच होती. २०१६ साली नियम झाला की वर्ख करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरता कामा नये.

याच नियमांत एक बारकावा आहे, तो मुद्दाम सांगतो. दूध व दुधाचे पदार्थ यांबरोबरच मध, मेण आणि लाख यांनाही २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे लाखेची झिलई दिलेल्या गोळीवर हिरवे वर्तुळ असू शकते. ज्या घरात मध चालतो त्या घरास यात काही वावगे वाटणार नाही; ज्यांचे व्रत अधिक कडक आहे त्यांनी ९०४ हा अंक पाहून निर्णय घ्यावा. कायदा सर्वांसाठी एक रेघ आखून देतो. त्या रेषेच्या अलीकडे किती थांबावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

आता परदेशाकडे वळू, कारण आमच्या घरातील प्रसंग तेथूनच आला. आपल्या समाजातील मुलेमुली आज इंग्लंड, अमेरिका, आखाती देश येथे नोकरीनिमित्त राहतात, आणि सुटीत येताना पेट्या भरून खाऊ आणतात. रीतसर आयात होऊन दुकानात आलेल्या मालावर आपल्याकडील चिन्ह चिकटविलेले असते. पेटीतून आलेल्या खाऊवर ते नसते. शिवाय ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच नाही. इंग्लंडातील शाकाहारी मंडळाची स्थापना १८४७ सालची, परंतु त्या देशातील शाकाहारास अंडे वर्ज्य नाही. म्हणून तेथील पाकिटावरचे शाकाहाराचे चिन्ह पाहून आपण निश्चिंत होऊ नये. ‘व्हीगन’ असे लिहिलेले असेल तर मात्र दूध, अंडे, मध यांपैकी काहीच नसते. त्याचप्रमाणे ‘हलाल’ अथवा ‘कोशर’ ही चिन्हे म्हणजे शाकाहाराची ग्वाही नव्हे. त्या धर्मांच्या नियमांनुसार मारलेल्या जनावराचे किंवा माशाचे जिलेटिन त्यांत असू शकते.

या संदर्भात महात्मा गांधींच्या विद्यार्थिदशेतील एक हकिकत मननीय आहे. १८८८ साली विलायतेस जाताना त्यांनी मातोश्रींसमोर मांस वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा घेतली होती. लंडनमध्ये त्यांना मांसाच्या तीन निरनिराळ्या व्याख्या आढळल्या. काहींच्या मते पशुपक्ष्यांचे तेवढे मांस, मासे व अंडी चालतील. काहींच्या मते सर्व प्राण्यांचे मांस वर्ज्य, परंतु अंडी चालतील. आणि काहींच्या मते अंडी व दूधही वर्ज्य. सोयीची व्याख्या स्वीकारून त्यांनी थोडे दिवस अंडी खाल्ली. पुढे त्यांच्या लक्षात आले की आपण प्रतिज्ञा आईपुढे घेतली, तेव्हा आईने मांस या शब्दाचा जो अर्थ केला असेल तोच आपणांस बंधनकारक होय. त्यांनी अंडी सोडली. मग शाकाहारी खानावळीतसुद्धा पुडिंग व केक यांत अंडे आहे की काय, हे विचारूनच घ्यावे लागे, आणि पुष्कळ गोड पदार्थांना मुकावे लागे. एकशे तीस वर्षांपूर्वीचा तो विद्यार्थी परक्या भाषेत, परक्या लोकांत, संकोच सोडून विचारीत होता. आम्ही तर आमच्याच ओसरीवर, आमच्याच हातातील पाकीट उलटून पाहिले नाही.

विचारण्याचे सामर्थ्य केवढे असते याचे अलीकडील उदाहरण इंग्लंडातच घडले. मे २००७ मध्ये तेथील मार्स या चॉकलेटच्या कंपनीने आपल्या काही मालात वासराच्या जठरातील रेनेट वापरून काढलेल्या निवळीचा वापर सुरू केल्याचे जाहीर केले. आठवडाभरातच ६,००० हून अधिक लोकांनी कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने चूक कबूल केली, क्षमा मागितली आणि तो बेत सोडून दिला. लक्षात घ्या, तक्रार करणाऱ्यांनी दुकाने फोडली नाहीत, कोणास शिव्या दिल्या नाहीत. वेष्टन वाचले आणि पत्र लिहिले, इतकेच.

आता आमच्या दुकानदार बंधूंशी दोन शब्द. आम्हीही फळीवर बसून केस पांढरे केले आहेत, तेव्हा हा घरचा आहेर समजावा. सुट्या गोळीच्या इवल्याशा वेष्टनावर घटकांची पूर्ण यादी छापण्यास जागा नसते, आणि नियमानेही लहान वेष्टनास त्यापासून सूट आहे. ती यादी मोठ्या पाकिटावर किंवा बरणीवर असते. आपण काय करतो? पाकीट फोडून गोळ्या आपल्या बरणीत ओततो आणि पाकीट रद्दीत टाकतो. म्हणजे गिऱ्हाइकास जे वाचावयाचे असते तेच आपण नाहीसे करतो. यापुढे त्या पाकिटाची घटकांची बाजू कापून बरणीच्या मागे चिकटवावी, एवढी आमची विनंती आहे. यास पैसा लागत नाही. तसेच तपकिरी चिन्हाचा माल दुकानात ठेवावयाचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे. परंतु ठेवला तर तो वेगळ्या फळीवर ठेवावा, आणि विचारणाऱ्यास खरे तेच सांगावे. “काही नसतं हो त्यात,” असे न पाहता सांगणे हा व्यापारधर्म नव्हे. हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा उच्चारले असेल, याची आज आम्हांस लाज वाटते.

म्हशाच्या यात्रेत, टिटवाळ्याच्या देवळाबाहेर किंवा कसाऱ्याच्या गाडीत सुटी मिठाई विकावयास येते, तिच्यावर चिन्ह नसते. तेथे आपली जुनी ओळखच कामास येते. चिक्की, रेवडी, बत्तासा, पेढा, लाह्यांचा लाडू यांत काय असते हे आपणांस कळते. जे ओळखू येत नाही ते विचारावे, आणि समाधान न झाल्यास घेऊ नये. वाढदिवसाचा केक सांगताना ‘अंडे नको’ एवढेच सांगून भागत नाही. वरची जेली, मऊ फुले व झिलई यांविषयीही विचारावे.

येथे एका गोष्टीविषयी आम्हांस स्पष्ट बोलावयाचे आहे. आमच्या घरची हकिकत बाहेर पसरल्यावर काही हितचिंतकांनी प्रायश्चित्ताची भाषा काढली, आणि एकाने तर त्या सहा वर्षांच्या पोरास “तू पणजीला बाटवलंस,” असे थट्टेने म्हटले. पोर रडत घरी आले. त्याने मग दोन दिवस पणजीच्या खोलीत पाऊल टाकले नाही. गोळीतील जिलेटिनाने झाली नसेल एवढी हानी त्या एका वाक्याने झाली. बंधूंनो, न कळत घडलेल्या गोष्टीसाठी मुलाच्या मनावर ओरखडा काढणे हा कोणता अहिंसाधर्म? ज्या व्रताचा पाया दया आहे ते राखताना दयाच गमावली, तर हाती काय उरले?

त्याचप्रमाणे शाकाहाराचा अभिमान म्हणजे इतरांविषयी तुच्छता नव्हे. या परिसरात कातकरी, ठाकूर, आगरी, कुणबी बांधव आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी व गिऱ्हाईक आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या ताटात जे असते ते आपल्या ताटात नसते, आणि म्हणून शेजारधर्मात कधी उणे आले नाही. पडघा-भिवंडीकडील मुसलमान कुटुंबांनाही जिलेटिन डुकराचे तर नाही ना, ही चिंता असतेच. तेही आपल्यासारखेच पाकीट उलटून पाहतात. आपण मागतो ते एवढेच की ज्याने त्याने काय खावे हे त्याला कळून खाता यावे. ही मागणी कोणाच्याही विरुद्ध नाही.

केवळ ‘हे खाऊ नका’ असे सांगून मुलांचे समाधान होत नाही, हे आम्ही जाणतो. मुलास मऊ, रंगीत गोळी हवी असते, आणि ती देता येते. समुद्रातील शेवाळापासून होणारे चायना ग्रास आपल्या भगिनींस परिचित आहे. दहा ग्रॅम चायना ग्रास अर्धा लिटर पाण्यात भिजवून मंद आचेवर पूर्ण विरघळू द्यावे, आवडीप्रमाणे साखर घालावी, खाली उतरवून मग त्यात कोकमाचा, जांभळाचा किंवा करवंदाचा रस मिसळावा. आंबट रस आचेवर असताना घातल्यास गोठण्याची शक्ती कमी होते, एवढे ध्यानी ठेवावे. ताटात ओतून निवल्यावर वड्या कापाव्यात. ही वडी एकदा गोठली की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे आपल्याकडील वैशाखातही ती पातळ होत नाही. बाजारातही सफरचंद व लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून निघणारे पेक्टिन घातलेल्या मऊ गोळ्या मिळतात. हिरवे चिन्ह पाहून त्या खुशाल द्याव्यात.

संस्थेपुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, जिलेटिन, कार्माइन १२०, लाख ९०४, शंकास्पद ४७१, अंडे, हे शब्द मराठी व इंग्रजी अशा दोन्ही लिपींत मोठ्या अक्षरांनी छापलेला एक तक्ता प्रत्येक सभासद-कुटुंबास व दुकानास द्यावा. दुसरी, संमेलनातील मुलांच्या बक्षिसांबरोबर देण्याचा खाऊ समाजातील भगिनींकडून करून घ्यावा, म्हणजे चार घरांस उद्योगही मिळेल. तिसरी, परदेशी असलेल्या आपल्या मुलांना दोष देणारी नव्हे, तर हा तक्ता सोबत जोडलेली मायेची पत्रे पाठवावीत. ती मुले आपल्यापेक्षा अधिक इंग्रजी जाणतात; कोठे पाहावे एवढेच त्यांना सांगावयास हवे.

आमच्या घरातील हकिकतीचा शेवट सांगून रजा घेतो. तिसऱ्या दिवशी मातोश्रींनी पणतूस स्वतः हाक मारून जवळ बसविले आणि त्याच्याकडून त्या पाकिटावरील यादी वाचून घेतली. तो इंग्रजी शब्द वाची आणि त्या प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारीत. जिलेटिनापाशी तो अडखळला. मातोश्री म्हणाल्या, “हा शब्द नीट पाहून ठेव. पुढच्या वेळी दुकानात तूच वाचून आण माझ्यासाठी.” परत जाताना त्याने तो शब्द आपल्या वहीत लिहून घेतला. यंदाच्या सुटीत तो पुन्हा येणार आहे, आणि पणजीसाठी कोणता खाऊ आणणार ते त्याने अद्याप गुप्त ठेविले आहे. आम्ही मात्र पाकीट उलटून पाहणार आहोत.